कातरण

अवालीच्या पुढे, तेलाच्या पाइपांना लागून
पिवळट भिंतींचं एक बैठं घर.
पाटी नाही. घंटा आहे.
जॉब कार्डावर फोरमनने लिहिलं होतं:
लेडीज, नऊ जणी. आवाज कमी करणे.

ऑगस्ट. सकाळी आठलाच शिडी हाताला चटका देते.
दार उघडलं सिस्टर लेतेब्रहानने,
एरिट्रियाची, अरबी आमच्या मुकादमापेक्षा साफ.
बाहेरच्या माणसाशी बोलायचं काम तिच्या एकटीकडे.
हातात पितळी घंटी घेऊन ती माझ्यापुढे चालू लागली,
किण, किण,
पुरुष आत येतोय, आतल्यांनी बाजूला व्हावं म्हणून.
माझ्या येण्याची वर्दी आजवर कुणी दिली नव्हती.
गल्लीत कुल्फीवाला येतो
तसा मी आलो.

लांब बोळ, बंद दारं.
एका दाराबाहेर चपला, अंगठा पुन्हा शिवलेल्या.
दोरीवर नऊ पांढरे रुमाल,
प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने एक आकडा.
मी विचारलं, खोल्यांतले एसी आधी बघू का?
खोल्यांत एसी नाहीत, ती म्हणाली.
बिघडलाय तो भाकरीच्या खोलीतला.

भाकरी म्हणजे कागदाहून जरा जाड.
लोखंडी चिमट्यात पीठ ओतायचं, दाबायचं,
मग साच्याने नाण्याएवढे गोल काढायचे.
थेट कुवेतपर्यंत डबे जातात इथून.
हवा दमट झाली की मऊ पडतात,
कोरडी झाली की तडकतात.
माणसांचं तसं नसतं.
माणसं भिजतात, वाळतात, पुन्हा कामाला लागतात.

कॅपॅसिटर फुगला होता. कॉइलवर वाळूचा लेप.
मी ब्रशने काढत होतो तेवढ्यात मोठी घंटा झाली.
भिंतीपलीकडे पावलं, कापडाची सळसळ,
आणि मग गाणं नव्हे, बोलणंही नव्हे,
मधलंच काही.
एक बाजू म्हणते, दुसरी थांबून उत्तर देते.
कंप्रेसर बंद असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं.
दिवसातून सात वेळा, लेतेब्रहान म्हणाली.
आमचे पाच, मी म्हटलं.
ती हसली.
वरचे दोन तुझ्या नावाने करू.

दुपारी काम संपलं.
भिंतीतलं लाकडी कपाट फिरतं आहे, ठाऊक नव्हतं.
त्याने अर्धा वळसा घेतला आणि माझ्यासमोर
चहाचा पेला, आणि बशीत
गोल काढून उरलेलं, भोकाभोकांचं कातरण.
खावं की नाही, कळेना.
बशीकडे नुसता बघत राहिलो.
तर लाकडाआडून:

"खा रे. अजून नुसतं पीठ नि पाणीच आहे ते."

सात वर्षं या बेटावर
हिंदीत भांडलो, मल्याळममध्ये उधार मागितलं,
अरबीत माफी.
आणि हे भिंतीच्या पोटातून.

"कुठल्या तुम्ही?"
"पाचूबंदर. वसई. तू?"
"हर्णै."
"हर्णै? आमचे बाबा बोट घेऊन एकदा हर्णैला..."

घंटा.

शब्द तिने तिथेच ठेवला.
शिवताना दिवे गेले की आई
सुई कापडातच टोचून ठेवायची, तसा.
पावलं लांब गेली. मी थोडा वेळ थांबलो.
कातरण खाल्लं.
चव काहीच नाही, अगदी शेवटी जराशी गोड.

बशीखाली जॉब कार्ड होतं, आधीच सही केलेलं.
इंग्रजी रकान्यात देवनागरी: सि. नातालीन.
पिवळी प्रत ऑफिसची, गुलाबी आपली.
मी पिवळी ठेवून घेतली,
तिच्यावर शाई खरी होती.

बाबांनी हर्णैला काय केलं असेल?
लिलावात फसले, वादळात अडकले,
कुणाच्या पडवीत रात्र काढली,
कदाचित आमच्याच.
दर रात्री कॅम्पातल्या वरच्या बंकवर
मी नवा शेवट लावून बघतो,
एकही नीट बसत नाही.

नोव्हेंबरात फिल्टर धुवायला जायचंय.
विचारणार नाही मी काही.
पण फोरमनला सांगून ठेवलंय,
ती व्हिजिट परकारच्या नावावर लाव.